कुलूपबंद पडदा आणि उघडा भ्रमणध्वनी : मावळ-लोणावळा परिसराच्या संदर्भात लॉक स्क्रीनच्या सुरक्षिततेचा विचार

गोषवारा :
भ्रमणध्वनीच्या चोरीचा विचार बहुधा यंत्राच्या किमतीपुरता केला जातो. प्रत्यक्षात आजच्या चोराच्या दृष्टीने बंद यंत्रापेक्षा उघडे यंत्र, आणि उघड्या यंत्रापेक्षाही ते उघडणारा अंक अधिक मोलाचा आहे. प्रस्तुत लेखात लॉक स्क्रीन या पहिल्या दरवाजाचे सामर्थ्य व मर्यादा, बळजबरीने फोन उघडवून घेतला जाण्याचे प्रसंग, त्यासंबंधीची कायद्याची स्थिती आणि संकटकाळी याच पडद्याकडून असणारी मदतीची अपेक्षा यांचे विवेचन केले आहे. पुणे-लोणावळा लोकलने ये-जा करणारा अध्यापक व विद्यार्थी वर्ग आणि मावळातील पर्यटनस्थळे ही या विवेचनाची पार्श्वभूमी आहे.

बीजसंज्ञा : लॉक स्क्रीन, पिन, जैवमितीय ओळख, सिम कुलूप, सीईआयआर, कलम २०(३).

१. प्रस्तावना :
लोहगडाची वाट चढताना गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक लागतात. वाट अशी वळवलेली आहे की पहिला दरवाजा पडला तरी शत्रूला पुढची चढण वरच्या तटाच्या माऱ्याखालूनच चढावी लागे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला, त्यांत लोहगड आहे. एकाच दरवाजावर किल्ला सोपवायचा नाही, हे तत्त्व आपल्या परिसरातील या किल्ल्याने दगडात कोरून ठेवले आहे. आपल्या खिशातील यंत्राच्या बाबतीत मात्र आपण नेमके उलट वागतो. चार अंकांचा एक दरवाजा लावला की बँक, टपाल, छायाचित्रे, विद्यार्थ्यांच्या गुणयाद्या आणि परीक्षाविषयक पत्रव्यवहार हे सारे त्याच्या मागे निर्धास्तपणे ठेवून देतो.

मावळ तालुक्यात या प्रश्नाला एक विशेष रूप आहे. पावसाळ्यात भुशी धरण, टायगर पॉइंट, भाजे आणि लोहगड-विसापूरच्या पायथ्याशी होणारी गर्दी, चैत्रात कार्ल्याच्या एकवीरा देवीच्या यात्रेला लोटणारा जनसमुदाय आणि वर्षभर तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली अशी स्थानके घेत धावणारी लोकल या तिन्ही ठिकाणी अनोळखी माणसे परस्परांच्या अगदी जवळ उभी असतात आणि बहुतेकांच्या हातात फोन असतो. शेजाऱ्याच्या पडद्यावर सहज नजर जाते, तशीच ती हेतुपुरस्सरही जाऊ शकते.

२. चोराला नेमके काय हवे असते?
एके काळी चोरलेला फोन म्हणजे विकण्याजोगी वस्तू होती. सिम बदलले की काम झाले. हा बाजार अवघड करण्याचे प्रयत्न गेल्या दशकात झाले. ॲपलने २०१३ मध्ये, तर अँड्रॉइडने २०१५ च्या सुमारास अशी सोय आणली की यंत्र पुसून कोरे केले तरी मूळ मालकाच्या खात्याची ओळख पटल्याशिवाय ते पुन्हा सुरू होऊ नये. भारतात प्रत्येक यंत्राच्या पंधरा अंकी आयएमईआय क्रमांकावरून ते देशभरातील दूरसंचार जाळ्यांवर बंद करणारी सीईआयआर ही व्यवस्था उभी राहिली. सप्टेंबर २०१९ मध्ये तिचा प्रारंभ मुंबईत, महाराष्ट्रापुरता झाला. मे २०२३ मध्ये संचार साथी या संकेतस्थळाद्वारे ती संपूर्ण देशासाठी खुली झाली.

या उपायांमुळे चोरी थांबली नाही, तिचे लक्ष्य मात्र काही अंशी बदलले. अमेरिकेतील ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने २०२३ च्या प्रारंभी एका पद्धतीचे सविस्तर वृत्त दिले होते. चोर उपाहारगृहात आधी मालकाने टाकलेला अंक पाहून ठेवतात, नंतर फोन पळवतात आणि काही मिनिटांत खात्याचा परवलीचा शब्द बदलून मालकालाच स्वतःच्या खात्याबाहेर काढतात. या पद्धतीत तांत्रिक चातुर्य जवळजवळ नाही. डोळे आणि संधी एवढेच भांडवल पुरते.

आपल्याकडे यूपीआयमुळे हा धोका वेगळे रूप घेतो. पैसे पाठवण्याची ॲप्स उघडताना पुष्कळदा फोनचाच अंक विचारतात. स्वतंत्र राहतो तो फक्त यूपीआय पिन. अनेकांनी दोन्हीकडे एकच अंक ठेवलेला असतो, मग दुसरा दरवाजा असून नसल्यासारखा. पण अंक वेगळा असला तरी प्रश्न मिटत नाही. यूपीआय पिन नव्याने ठरवण्यासाठी डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक, त्याची मुदत आणि नोंदलेल्या क्रमांकावर येणारा ओटीपी एवढे पुरते. आधारच्या आधारेही तो बदलता येतो. आता ओटीपी चोराच्या हातातील यंत्रावरच येणार आणि कार्डाचे व आधारपत्राचे छायाचित्र ‘कधीतरी लागेल’ म्हणून आपण त्याच यंत्रात ठेवलेले असते. आपल्या व्यवसायात तर मानधनाच्या देयकासोबत बँक तपशील, आधार आणि पॅन व्हॉट्सॲपवर पाठवण्याची प्रथाच पडली आहे. ही छायाचित्रे फोनमधून काढून टाकणे हा कोणत्याही महागड्या संरक्षक ॲपपेक्षा प्रभावी उपाय आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

३. अंक, आकृती, बोट आणि चेहरा :
चार अंकी पिनच्या शक्यता १०,००० आणि सहा अंकीच्या १०,००,००० असतात. नऊ ठिपके जोडून काढायच्या आकृतीच्या, म्हणजे पॅटर्नच्या, शक्यता ३,८९,११२ भरतात. केवळ गणित पाहिले तर आकृती चार अंकांपेक्षा बरी ठरते. परंतु चोर या सर्व शक्यता एकेक करून तपासत बसत नाही. चुकीच्या प्रयत्नांनंतर थांबण्याचा काळ वाढवत नेण्याची सोय यंत्रातच असते. खरा प्रश्न असा की, एकदा पाहून किती लक्षात राहते? अमेरिकी संशोधकांनी २०१७ मध्ये याच प्रश्नावर प्रयोग केला. सहा ठिपक्यांची आकृती एकदाच पाहणाऱ्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोकांना ती जशीच्या तशी काढता आली. सहा अंकी पिनच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे ११ टक्के होते. आकृतीमागे उमटणारी रेघ दिसणार नाही अशी व्यवस्था केल्यावर ६४ चे ३५ झाले. काचेवर राहिलेल्या बोटाच्या तेलकट खुणांवरून आकृती ओळखता येते, हे त्याआधी २०१० मध्येच दाखवले गेले होते. तेव्हा आकृती सोडून सहा किंवा अधिक अंकांचा पिन घ्यावा, आणि तो जन्मवर्ष किंवा वाहन क्रमांक नसावा, एवढे या बाबतीत पुरेसे आहे.

बोटाचा ठसा गर्दीत अधिक सुरक्षित असतो, कारण पाहणाऱ्याला त्यातून काहीच मिळत नाही. पण लोणावळ्याच्या पावसात हा उपाय हमखास दगा देतो. ओले बोट यंत्राला ओळखता येत नाही आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या फोनवर तर अनेकदा ठसा घेताच येत नाही. मग भुशीच्या पायऱ्यांवर, चारही बाजूंनी माणसे असताना, प्रत्येक छायाचित्रासाठी पिन टाकला जातो. अथवा त्याहून वाईट म्हणजे ‘आजच्या दिवस’ कुलूप काढून टाकले जाते किंवा पडदा मिटण्याचा अवधी दहा मिनिटे केला जातो. वास्तविक छायाचित्रासाठी फोन उघडण्याची गरजच नाही. बहुतेक अँड्रॉइड यंत्रांवर चालू-बंद करण्याचे बटण दोनदा दाबले की, आणि आयफोनवर कुलूपबंद पडदा डावीकडे सरकवला की, कॅमेरा सुरू होतो. त्या अवस्थेत नुकतीच काढलेली छायाचित्रे दिसतात, जुनी दिसत नाहीत. सहलीला निघालेल्या विद्यार्थ्यांना सूचना देताना ही एक सूचना आवर्जून द्यावी.

चेहऱ्याच्या ओळखीबाबत सावध राहावे. आयफोनसारख्या यंत्रांत चेहऱ्याची खोली मोजणारी स्वतंत्र व्यवस्था असते. अनेक स्वस्त यंत्रांत मात्र पुढच्या कॅमेऱ्यातून घेतलेले सपाट चित्र पडताळले जाते आणि त्यांतील काही यंत्रे छायाचित्रानेही फसू शकतात. यंत्राच्या सेटिंगमध्ये ‘ही पद्धत पिनपेक्षा कमी सुरक्षित आहे’ अशी सूचना दिसत असेल तर ती गांभीर्याने घ्यावी.

लोकसमजुतीत न आलेली आणखी एक बाब येथे नमूद करणे आवश्यक आहे. फोन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर पहिल्यांदा पिनच लागतो, बोट किंवा चेहरा चालत नाही. तोपर्यंत आतील बहुतांश माहिती सांकेतिक रूपात बंद राहते. एकदा उघडून नंतर कुलूप लागलेला फोन आणि सुरू झाल्यापासून एकदाही न उघडलेला फोन यांच्या सुरक्षिततेत म्हणूनच मोठा फरक असतो. तीन दिवस न उघडलेले यंत्र आपोआप पुन्हा सुरू व्हावे, अशी सोय आयफोनमध्ये २०२४ पासून आणि अँड्रॉइडमध्ये २०२५ पासून येऊ लागली, तिचे कारण हेच.

४. कुलूप न उघडता दिसणारे :
दरवाजा भक्कम पण खिडकी उघडी, अशी स्थिती पुष्कळ यंत्रांची असते. कुलूपबंद पडद्यावर संदेशांचा मजकूर दिसत असेल तर ओटीपीही दिसतो. चोराने पिन न जाणताही दुसऱ्या यंत्रावरून एखाद्या खात्यासाठी ओटीपी मागवावा आणि चोरलेल्या फोनच्या मिटलेल्या पडद्यावर तो वाचावा, यात कोणतेच कौशल्य नाही. सूचनांचा मजकूर पडद्यावर न दाखवण्याची निवड एका मिनिटात करता येते.

याच जातीची दुसरी खिडकी म्हणजे सिम. ते काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले की लॉक स्क्रीनचा संबंधच संपतो आणि सारे ओटीपी तिकडे जातात. यावर सिमचा स्वतंत्र पिन हा जुना, साधा आणि आज विस्मृतीत गेलेला उपाय आहे. तो लावल्यावर यंत्र बदलले किंवा पुन्हा सुरू केले की सिम स्वतःचा अंक मागते. मात्र येथे घाई करू नये. तीन वेळा अंक चुकला की सिम अडते आणि पीयूके नावाचा आठ अंकी क्रमांक लागतो. तोही दहा वेळा चुकला तर सिम कायमचे निकामी होते. म्हणून मूळ अंक सेवा देणाऱ्या कंपनीकडून खात्रीपूर्वक विचारून घ्यावा, मगच बदलावा.

मिटलेल्या पडद्यावरून इंटरनेट बंद करता येणे किंवा विमान स्थिती लावता येणे हेही चोराच्या पथ्यावर पडते, कारण त्यामुळे फोनचा माग काढणे अवघड होते. आयफोनमध्ये आणि काही अँड्रॉइड यंत्रांत ही वाट बंद करण्याची सोय आहे. याशिवाय ‘विश्वासू ठिकाण’ नावाची एक सोय आहे, तिच्यामुळे ठरावीक जागी फोन उघडाच राहतो. काहींनी महाविद्यालयच विश्वासू ठिकाण म्हणून नोंदवलेले असते. पर्यवेक्षणाला जाताना स्टाफरूममध्ये ठेवलेले फोन आठवले तर या सोयीविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

५. उघडा फोन हिसकावला जातो तेव्हा :
आतापर्यंतचे विवेचन कुलूप लागलेले आहे असे धरून केले. हिसकावला जाणारा फोन मात्र बहुधा वापरात, म्हणजे उघडाच असतो. मुंबईच्या लोकलमध्ये दारात उभ्या असलेल्या प्रवाशाच्या हातावर खालून फटका मारून फोन पाडणाऱ्या टोळ्यांना ‘फटका गँग’ हे नावच पडले. अशा वेळी पिन कितीही लांब असला तरी त्याचा उपयोग नाही.

यावर गुगलने ऑक्टोबर २०२४ पासून अँड्रॉइड १० व त्यापुढील यंत्रांसाठी एक सोय आणली. फोनला बसलेला अचानक हिसका आणि त्यानंतरची धावण्याची वा वाहनाची गती यंत्रातील संवेदकांनी ओळखली की पडदा आपोआप बंद होतो. तिच्याच जोडीला, जाळ्यापासून तुटलेल्या फोनला कुलूप लावणारी आणि केवळ भ्रमणध्वनी क्रमांकावरून दूरस्थ कुलूप लावू देणारी अशा दोन सोयी आहेत. त्या सेटिंगमधील गुगलच्या विभागात ‘चोरीपासून संरक्षण’ अशा अर्थाच्या नावाखाली सापडतात. त्या सुरू आहेत की नाहीत हे स्वतः पाहावे. ॲपलने जानेवारी २०२४ मध्ये दिलेली सोय वेगळ्या विचाराची आहे. घर किंवा कामाचे ठिकाण अशा परिचित जागेपासून दूर असताना खात्याचा परवलीचा शब्द बदलायचा झाल्यास केवळ अंक पुरत नाही. चेहरा किंवा बोट लागते, एक तास थांबावे लागते आणि पुन्हा ओळख पटवावी लागते. लोहगडाच्या दुसऱ्या दरवाजाचे तत्त्व ते हेच : पहिला पडला तरी वेळ मिळाला पाहिजे.

ज्यांच्या यंत्रात या सोयी नाहीत त्यांनी बँकेची ॲप्स, ई-मेल आणि छायाचित्रे यांना फोनपेक्षा निराळ्या अंकाचे कुलूप लावावे आणि पडदा तीस सेकंदांत मिटेल असे करावे.

६. बळजबरी आणि कायदा :
बळजबरीचे प्रकार तीन असून त्यांची उत्तरे एकसारखी नाहीत.

पहिला प्रकार लुटारूचा. भारतीय न्याय संहितेने १ जुलै २०२४ पासून झपटमारी हा कलम ३०४ अन्वये स्वतंत्र गुन्हा केला असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आहे. धाक दाखवून फोन घेणे ही जबरी चोरी ठरू शकते. तिला दहा वर्षांपर्यंत, आणि सूर्यास्त ते सूर्योदय या काळात महामार्गावर घडल्यास चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर रात्री दुचाकीने जाणाऱ्याला ही तरतूद माहीत असावी. पण प्रत्यक्ष प्रसंगी कायदा उद्या येतो आणि चाकू आज असतो. अंक मागितला तर द्यावा, यात संकोच नको. म्हणून संरक्षणाची रचनाच अशी हवी की फोन उघडून दिल्यावरही फारसे हाती लागू नये : दैनंदिन व्यवहाराच्या खात्यात मर्यादित रक्कम, मुख्य बचतीचे खाते यूपीआयला न जोडलेले आणि कार्डांची छायाचित्रे नाहीत. ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआय व्यवहारात पिनऐवजी बोट वा चेहरा वापरण्याची मुभा मिळाली. सोय म्हणून ती उत्तम आहे. पण धरून टेकवलेले बोट पिनपेक्षा सहज मिळते, हे ध्यानात घेऊन ती स्वीकारावी किंवा नाकारावी.

दुसरा प्रकार तपासयंत्रणेचा. येथे बोट आणि अंक यांतील भेद केवळ तांत्रिक राहत नाही. कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही, असे संविधानाचे कलम २०(३) सांगते. ‘मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड’ या १९६१ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने असे ठरवले की, बोटाचा ठसा किंवा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे साक्ष देणे नव्हे. तो ठसा तुलनेसाठी होता. पंचावन्न-साठ वर्षांनी तोच ठसा एका माणसाच्या सबंध खाजगी जीवनाची किल्ली होईल, ही कल्पना त्या काळी कोणी करणे शक्य नव्हते. मनात असलेला अंक सांगणे हे मात्र साक्षीच्या अधिक जवळ जाते, असा युक्तिवाद केला जातो. याविषयी न्यायालयांची मते एकसारखी नाहीत. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये वीरेंद्र खन्ना प्रकरणात न्यायालयाच्या आदेशाने परवलीचा शब्द मागणे कलम २०(३) चा भंग करत नाही असे म्हटले, तर दिल्लीच्या सीबीआय विशेष न्यायालयाने २०२२ मध्ये आरोपीवर तशी सक्ती करता येणार नाही असा निर्णय दिला. खाजगीपणाचा हक्क मूलभूत असल्याचा पुट्टस्वामी निवाडा २०१७ चा आहे. त्याच्या प्रकाशात १९६१ च्या भेदाचा फेरविचार व्हावयास हवा, असे वाटते. राज्यशास्त्र व विधी विभागांतील अभ्यासकांनी हा विषय हाती घ्यावा.

तिसरा प्रकार घरातला आणि नात्यातला आहे, त्यावर सर्वांत कमी लिहिले जाते. ‘लपवण्यासारखे काय आहे?’ असे विचारून विद्यार्थिनीचा फोन उघडवून घेणारा मित्र, किंवा झोपेत बोट टेकवून पत्नीचे संदेश वाचणारा पती हीदेखील बळजबरीच होय. दुसऱ्याचा परवलीचा शब्द किंवा तत्सम ओळख अप्रामाणिकपणे वापरणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क मध्ये, म्हणजे इंग्रजी ६६ सी मध्ये, गुन्हा आहे. अँड्रॉइडमध्ये चालू-बंद बटणाच्या यादीत ‘लॉकडाउन’ हा पर्याय मिळतो. तो दाबला की बोट व चेहरा दोन्ही बंद होतात आणि फक्त अंक चालतो. आयफोनवर बाजूचे बटण आणि आवाजाचे बटण काही क्षण एकत्र दाबून धरल्यास तेच घडते. महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांना एवढी माहिती अवश्य असावी.

७. दिंडी दरवाजा :
गडाचा मोठा दरवाजा बंद असला तरी त्यातील लहान दिंडी दरवाजाने एका माणसाची ये-जा होऊ शके. लॉक स्क्रीनलाही तशी दिंडी ठेवावी लागते. कड्यावरून पडलेल्या किंवा प्रवाहात वाहून गेलेल्या पर्यटकांच्या शोधासाठी लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र या संस्थेचे कार्यकर्ते वर्षानुवर्षे धावून जात आहेत. बेशुद्ध माणसाचा फोन सापडला आणि तो सहा अंकांनी बंद असला तर त्याच्या घरी कळवायचे कसे? अँड्रॉइडमध्ये आपत्कालीन माहिती आणि आयफोनमध्ये वैद्यकीय ओळख भरून ठेवली की रक्तगट, औषधाची ॲलर्जी आणि दोन नातेवाइकांचे क्रमांक कुलूप न उघडता दिसतात. पडद्यावरील आपत्कालीन पर्यायातून ११२ हा क्रमांकही लावता येतो. येथे घराचा पत्ता लिहू नये, क्रमांक पुरेसे आहेत. शैक्षणिक सहलीच्या संमतिपत्रासोबत विद्यार्थ्याकडून ही माहिती फोनमध्येही भरून घेणे आयोजक प्राध्यापकाला सहज शक्य आहे.

८. चोरी झाल्यानंतरचा पहिला तास :
क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम जवळच्या कोणाच्याही फोनवरून दूरस्थ कुलूप लावावे, लगेच सेवा कंपनीला कळवून सिम बंद करावे आणि बँकेला यूपीआय व कार्ड थांबवण्यास सांगावे. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे तत्त्व घालून दिले की, ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे नुकसान झाले तरी बँकेला कळवल्यानंतरचे नुकसान बँकेचे राहील. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवावा.

पोलीस ठाण्याचा प्रश्न आपल्या परिसरात थोडा गुंतागुंतीचा आहे. लोणावळा, कामशेत आणि वडगाव मावळ ही ठाणी पुणे ग्रामीण पोलीस दलात येतात. तळेगाव दाभाडे २०१८ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात आहे, आणि लोकलमध्ये वा फलाटावर चोरी झाल्यास प्रकरण लोहमार्ग पोलिसांकडे जाते. मळवली ते तळेगाव या छोट्या प्रवासात फोन नेमका कोठे गेला हे प्रवाशाला सांगता येत नाही. परंतु भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही ती देता येते, मात्र तीन दिवसांत स्वाक्षरी करावी लागते. ‘गहाळ’ आणि ‘चोरी’ यांतील फरक नोंदीत स्पष्ट राहील असे पाहावे, कारण फोन हिसकावला गेला असताना गहाळ म्हणून नोंद झाली तर पुढील तपासाची दिशाच बदलते.

त्यानंतर त्याच क्रमांकाचे दुसरे सिम घ्यावे, कारण सीईआयआरवरील विनंतीसाठी ओटीपी लागतो. पोलीस तक्रारीची प्रत, खरेदीची पावती आणि आयएमईआय क्रमांक देऊन यंत्र बंद करण्याची विनंती संचार साथीवर नोंदवावी. दोन सिमच्या यंत्राला दोन आयएमईआय असतात, ते दोन्ही द्यावेत. फोन हातात असतानाच *#०६# दाबून हे क्रमांक कागदावर उतरवून घरी ठेवावेत आणि विभागातील शिक्षकेतर सहकाऱ्यांनाही तसे करण्यास सांगावे. फोन परत मिळाल्यास तो सुरू करण्याची विनंतीही त्याच ठिकाणी, मूळ विनंती क्रमांक देऊन करावी लागते.